थोरल्या साडूंचे सतरा सेकंद

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माणसाची ओळख चेहऱ्याऐवजी पावलांवरून लक्षात ठेवणारा एकच गृहस्थ आहे, आणि ते माझे थोरले साडू. या सरळ माणसाशी मी एकदा खोटे बोललो आणि ते सहा वर्षे दडवून ठेवले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या गमती सांगताना माझा स्वर उगाच निर्मळ वाटायचा.

सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांची भातशेती. झोडणी आटोपली की त्यांचे खळे वेगळ्याच कामाला लागे. चुलीतली राख त्यावर पसरून ते आल्यागेल्याला पळवत आणि मग उकिडवे बसून ठसे वाचत. टाच उमटली की संपलेच. "टाच टेकली म्हंजी चालू गाडीत बिरेक दाबला." नवा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही चहाआधी राखेवरून धावावे लागले. "पाऊल लय पुढं टाकतोस रे, कमरेखाली पडू दे," एवढाच आशीर्वाद त्याला मिळाला. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना लोक त्याचे दात बघत. साडू मात्र तो बैल पळवायला लावून त्याचा खूर जमिनीवर किती रेंगाळतो ते बघत. "हवेत पाय सगळ्यांचेच फिरतात, मास्तर. जो जमिनीला जोरात ढकलतो नि लगेच सोडतो, तो पुढं." त्यावर आतून माझी मेव्हणी म्हणे, "जमीन ढकलून झाली आसंल तर भात गिरणीत ढकला."

साठी गाठल्यावर त्यांनी हे शास्त्र स्वतःवर सिद्ध करायचे ठरवले. वर्षभर धावण्याची ढब बदलली आणि एका सकाळी ते शहापूरला माझ्या शाळेच्या मैदानावर आले. शंभर मीटर, आणि घड्याळ माझ्या हाती. "सोळाच्या आत आलो तर खरं. नाय तर राख उकिरड्यावर." ते धावले, आणि खरोखर सुंदर धावले. नेमका तेव्हा माझा फोन वाजला. मी खिशाकडे पाहिले; मान वर केली तेव्हा ते रेषेपलीकडे होते. गडबडीने मी घड्याळ दाबले.

"किती?" ते धापा टाकत म्हणाले.

"सतरा," मी म्हणालो. पुन्हा धावा, चूक माझी झाली, एवढे दोन शब्द लाजेने ओठांवर आले नाहीत.

"मंग माझंच चुकलं आसंल," ते शांतपणे म्हणाले. त्यानंतर खळ्यावर राख पसरली गेली नाही. जत्रेत तेही दात बघू लागले. पाहुण्यांना ते वेळेवर चहा देऊ लागले, आणि तो चहा मला दर वेळी कडू लागला.

गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा गेला. आता धावणे कायमचे बंद, असे डॉक्टरांनी सांगितले. मी भेटायला गेलो. ओटीवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "ते येड तवाच खोटं निघालं ते बरं झालं बघा. नाय तर आज जीव तुटला आसता."

मी कप खाली ठेवला.

"भावोजी, ते खोटं निघालं नव्हतं. तुम्ही रेषा ओलांडलीत तेव्हा मी फोनकडे पाहत होतो. घड्याळ मी उशिरा थांबवलं. तुमचे पंधरा होते की सोळा, ते आता कधीच कळणार नाही. मला माफ करा."