चिंचेनं घेतलेली परीक्षा

माझ्या साडूंइतका मरणाचा विचार करणारा आणि तरीही आनंदी असणारा माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडायचा नाही. मरण अर्थात वस्तूंचं. आपण हौसेनं नवा मिक्सर दाखवावा, तर ते तो उलटा करून विचारणार, "पण मेल्यावर याचं काय?" धाकट्या मेव्हणीच्या लग्नात रुखवतातल्या थर्माकोलच्या देवळाबद्दल त्यांनी हेच थेट विहीणबाईंना विचारलं. त्या दिवशी त्यांच्या बायकोनं जेवायला दुसरी पंगत गाठली.

पोटासाठीही त्यांनी हाच उद्योग निवडला. चाकणच्या एका प्रयोगशाळेत ते नव्या सौरपट्ट्यांची कुंडली मांडतात. खाणीतून काय निघालं, बनवताना किती वीज लागली, भंगारात गेल्यावर कुणाला बाधणार, सगळं. सध्या त्यांचा जीव जडलाय एका पातळ, स्वस्त पट्टीवर. तिच्यात एकच खोड, पोटात चिमूटभर शिसं. कडेच्या लेपानं ते आत राहतं. साडूंनी तिला पावसाच्या पाण्यात बुडवलं, खाऱ्या पाण्यात उकळलं आणि पास केलं.

चाकणजवळच्या गावी आमचे सासरे राहतात. आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो. वीज येईल तेव्हा शेतावर धावण्यात मामांचा जन्म गेला. उन्हावर चालणारी मोटर एकदा बघायची, एवढीच त्यांची इच्छा. साडूंनी चाचणीच्या चार पट्ट्या त्यांच्या विहिरीवर लावल्या आणि भर दुपारी पाणी आलं. मामा पोरासारखे हसले. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो, तर मामा देवाची तांब्याची भांडी घासावीत तशा चिंचेनं पट्ट्या घासत होते.

"सूर्यदेव उतरतो हिच्यात. राखंनं घासू व्हय?"

साडूंनी चिंच हिसकावून घेतली. आंबटाची परीक्षा त्यांनी घेतलीच नव्हती. प्रयोगशाळेत चिंचेच्या कोळात लेप सुटला, शिसं बाहेर आलं. विहिरीचं पाणी तपासलं, ते शुद्ध निघालं, हे नशीब. साडूंनी स्वतःच्या अहवालावर स्वतःच 'नापास' लिहिलं आणि पट्ट्या उतरवायला आले.

"पाव्हणं, घासायचं सोडतो म्या. पर मोटर बंद नगा करू."

"तुम्ही सोडाल, मामा. पुढच्या माणसाचं काय?"

मामा चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. इकडे साडूंच्या निगडीच्या घरात आमटीला चिंच उरेना. एकामागून एक बारा लेप सुटले. साडूंचं हसणंही आटलं, आणि मला त्यांची खरंच काळजी वाटू लागली. तेरावा मात्र टिकला.

गेल्या महिन्यात नव्या पट्ट्या चढल्या. साडूंनी खिशातून चिंचेचा गोळा काढून मामांच्या तळहातावर ठेवला. "घासा." मामांचे हात आता थरथरतात. साडूंनी ते हातात धरले आणि दोघांनी मिळून पट्टी घासली. मोटर सुरू झाली. मामा किती तरी वेळ पाण्याखाली हात धरून उभे होते.

"किती वर्सं जगंल ही?" त्यांनी विचारलं.

हा आकडा साडूंना झोपेतही पाठ. पण मामांच्या हातांकडे बघत ते म्हणाले, "तुमच्याएवढी, मामा." आणि पान्हा शोधायला उगाचच पट्ट्यांच्या मागे गेले.