फरपटणारं चाक

आमची आई वर्ना टकर पॅसाडीनात बस चालवायची. हात सैल, तोंड त्याहून सैल. मंगळावर फिरणाऱ्या जुन्या रोव्हरवर मात्र तिचा भारी जीव. त्याचं पुढचं एक चाक कायमचं अडकलं होतं, म्हणून तो उलटा चालायचा आणि ते चाक फरपटत न्यायचा.

रोव्हरवेड्यांच्या तिच्या मंडळाने हुबेहूब तसाच पत्र्याचा रोव्हर बनवला. गावच्या मिरवणुकीत आई तो मुद्दाम उलटा ओढत होती.

"ए म्हातारे, याचं तोंड कुठे आणि ढुंगण कुठे?" गर्दीतल्या एका दांडगटाने विचारलं आणि अडकलेल्या चाकावर लाथ घातली.

आईने पाना उचलला. पहिल्या घावात त्याचं नाक फुटलं, दुसऱ्यात दात रस्त्यावर पडले. तिसरा घाव तिघांनी मिळून अडवला.

"लंगड्याला लाथ मारतोस, मेल्या," ती रडत ओरडत होती.

पोलीस ठाण्यातून मी तिला सोडवून आणलं. हातांवरचं रक्त वाळलं होतं, तरी गाडीत तिचं तेच चालू होतं. "बिचारं पाय ओढत चढ चढतंय गं, लोरेन. लोकांना दयामाया नाही."

माझं डोकं फिरलं. मी गाडी कडेला घेतली. "लकवा मारल्यावर पप्पांचाही पाय असाच घासायचा. फरशीवर ओरखडे पडतात म्हणून तू त्यांना कशाने मारायचीस?"

"पट्ट्याने," आई म्हणाली. "पण तो मेला कुठे प्रयत्न करायचा?"