सूत्रातला दोन

महेश्वरी मॅडम तामलवाडीच्या. घरात कन्नड, वर्गात मराठी आणि फळ्यावर इंग्रजी, असं त्यांचं सुरळीत चाललं होतं. तुळजापूरकडच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात त्या मेकॅनिक्स शिकवत. शिकवत म्हणजे लिहून देत. गोल फिरता फिरता केंद्रापासून लांब जाणाऱ्या वस्तूचं त्वरण किती, याचं लांबलचक सूत्र फळ्यावर उतरलं की त्याला चौकट काढायची आणि म्हणायचं, "परीक्षेला येतंय." पोरं चौकट आधी उतरवत, सूत्र नंतर.

एकदा प्रतीक्षा नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. "मॅडम, बाहेर जायचा वेग गुणिले फिरायचा वेग, इथवर समजलं. पण त्याच्याआधी दोन कशाला?"

"सूत्र सिद्ध करताना, डेरिव्हेशनमध्ये येतो."

"तसं न्हाय. खरंच असतंय का ते?"

मॅडमनी तिला खाली बसवलं, पण मनातून चरकल्या. तो दोन त्यांनाही आजवर कागदावरच भेटला होता.

मग त्यांनी वर्कशॉपमध्ये ट्रॉलीच्या जुन्या चाकावर पत्रा ठोकून एक मोठी फिरती चकती करून घेतली. तेवढ्यात कॉलेज तपासायला समिती येणार असल्याचं कळलं. प्राचार्य शरणबसप्पा सर चकती पाहून हरखलेच.

"हेच पायजे! प्रात्यक्षिक मीच दाखवणार."

"सर, आधी थोडं समजून घेता का? बाहेरच्या बाजूला चालताना..."

"समजायचं मागनं बघू. फोटोग्राफर आलाय."

समितीसमोर सर चकतीच्या मधोमध उभे राहिले. पोरांनी ती गरागरा फिरवली. सर हसतमुखानं, हात जोडून सरळ कडेकडं निघाले आणि पाय एका अंगाला सटकून थेट टेबलावर मांडलेल्या सत्काराच्या शालींवर जाऊन आदळले.

"ढकललं कुणी?" ते ओरडले.

"कुणीच नाही सर," मॅडम त्यांना हात देत म्हणाल्या. "कडेकडं जाल तसा खालचा पत्रा जास्त जोरात पळतो. त्याच्या वेगाला यायला बाजूनं रेटा लागतो. शिवाय चालता चालता तुमची दिशाही फिरते, तिलाही तेवढाच रेटा..." त्या थबकल्या आणि चकतीभोवतीच्या पोरांकडं वळल्या. "प्रतीक्षा! सारखेच दोन रेटे! म्हणून दोन!"

"व्हय मॅडम, दिसलं की!"

आनंदाच्या भरात मॅडमनी हात सोडला आणि सर पुन्हा खाली बसले.

समितीनं कृतीतून शिक्षणाचं तोंडभरून कौतुक केलं. सरांच्या पायाला प्लास्टर बसलं. पडायच्या आधीचा फोटो गेटवरच्या फ्लेक्सवर लागला आणि चकतीवर चढायला सक्त मनाई झाली.

ती मनाई मॅडमनी पुढच्याच शनिवारी मोडली. वर्ग सुटल्यावर पदर खोचून त्या स्वतः चकतीवर चढल्या, चालल्या, पडल्या आणि परत चढल्या.

घरी सासूबाई शांताक्कांनी त्यांचा खरचटलेला गुडघा पाहिला. "कॉलेजात शिकवायला जातीस का कुस्ती खेळायला?"

"सूत्रातल्या दोनाला भेटायला," मॅडम हळद लावत हसल्या.