पुसले गेलेले गुरुवार

व्यायामवाल्या बाईंचं पाठांतर एके काळी असं होतं, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. सोमवारी सकाळी खांदेवाले आजोबा, मग कंबर धरलेल्या शिक्षिका, मंगळवारी पाय मोडलेला रंगारी. वार विचारा, वेळ विचारा, घडाघडा म्हणून दाखवत. तीस वर्षं त्या घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले सांधे हलते करत होत्या. वही होती, रबरबँड लावलेली, पण ती पिशवीच्या तळाशी नुसती शोभेला.

मग लेकीने टॅब्लेट आणून दिला. "आई, आता डोक्याला जरा विश्रांती दे," म्हणत तिने त्यातल्या कॅलेंडरमध्ये सगळ्या भेटी रंगीत पट्ट्यांनी मांडून दिल्या. निघायच्या आधी अर्धा तास ते टुणकन वाजे, कोणाकडे जायचं ते दाखवी, आणि बाई चपला पायात सरकवत. विंगेत प्रॉम्प्टर बसला की भल्याभल्या नटांचं पाठांतर ढिलं पडतं. बाईंचंही पडलं. कोणाला कळलंही नाही, आणि त्यांना तर नाहीच नाही.

गुरुवारी साडेचारची जांभळी पट्टी होती कातरमावशींची. मावशींचा जन्म शिवणयंत्रापुढे गेला, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. बाईंनी वर्षभर दर गुरुवारी एकेक बोट सोडवत आणलं होतं. तीन बोटं उघडू लागली, त्या दिवशी मावशींनी रिकामं रीळ धरून दाखवलं. "आता सुई धरते की नाही बघ. पहिली तुझ्या शर्टाची बाही नीट करणार. कोणी शिवलाय गं हा, शत्रूने?"

त्यानंतरच्या गुरुवारी बाईंना दाढ काढायला जायचं होतं. मावशींना त्यांनी आधीच सांगून ठेवलं, आणि घरी येऊन जांभळी पट्टी काढून टाकली. टॅब्लेटने विचारलं: फक्त ही भेट, की ही आणि यापुढच्या सगळ्या? चष्मा कपाळावर होता, दाढ ठणकत होती. अंगठा खालच्या ओळीवर पडला.

आठ आठवड्यांनी औषधांच्या दुकानात रांगेत मावशींची सून भेटली. तिने मान फिरवली, मग राहवलं नाही म्हणून परत वळली.

"एक बोलू का? सोडायचंच होतं तर आईंना तोंडावर सांगायचंत. त्या काही कुक्कुलं बाळ नाहीत."

"काय सांगायचं?"

"की आता उपयोग नाही म्हणून. त्या समजून चुकल्यात. मी फोन करते म्हटलं तर म्हणाल्या, नको, तिला लाजवू नकोस."

बाई औषधं न घेताच बाहेर आल्या. पायरीवर बसून टॅब्लेट उघडला. गुरुवार साडेचार: निळी पट्टी, गुडघा दुखावलेला फुटबॉलवाला. मागचे गुरुवार उलटे चाळले. निळा, निळा, निळा. त्याआधी दोन कोरे.

त्या दोन कोऱ्या गुरुवारांनीच त्यांना पकडलं. कारण दुसऱ्या कोऱ्या गुरुवारी त्यांना मावशी आठवल्या होत्या. चहाचा कप हातात होता, खिडकीत ऊन होतं, मावशींचे जिने चढायचे नव्हते. वाटलं, टॅब्लेटमध्ये नाव नाही म्हणजे सुनेने बंद केलं असेल, लेकीला कळवलं असेल, तिने पट्टी काढली असेल. एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण ते ऊन फार छान होतं.

मावशींच्या घराचे तीन मजले त्या दिवशी संपता संपेनात. प्रत्येक जिन्यावर बाईंनी एकेक वाक्य ठरवलं आणि पुढच्या जिन्यावर मोडलं. सगळा दोष टॅब्लेटवर घातला की काम भागत होतं. खोटंही नव्हतं ते.

मावशी खुर्चीत होत्या. मूठ मांडीवर, घट्ट. तीनही बोटं परत आत.

बाईंनी दाढेचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं, पट्टी कशी पुसली गेली ते दाखवलं. मावशी ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तू मला सोडलं नव्हतंस? अगं, मी आपली रडत बसले! माझा हात मेला, म्हणून ही येत नाही असं धरून बसले गं!" त्या हसायला लागल्या, डोळे पुसायला लागल्या. "त्या डबड्याने केलं होय सगळं!"

इथे प्रवेश संपवता आला असता.  समोर म्हातारी लहान मुलीसारखी हसत होती.

"मावशी, सगळं त्याने नाही केलं." त्यांनी खाली बघून उरलेलं सांगितलं. चहा, खिडकी, ऊन, सगळं. "मला तुमची आठवण आली होती. मोकळा वेळ मिळाला, बरं वाटलं. म्हणून विचारलं नाही."

हसू थांबलं. आत सून भांडी लावत होती, तीही थांबली.

बाईंनी सवयीने मुठीकडे हात नेला. मावशींनी ती पदराखाली घेतली.

"आज नको. आज नाही द्यावासा वाटत तुला हात."

"बरं."

"उठू नकोस. बस." मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "माझ्या वेळेला आता कोण आहे?"

"एक मुलगा. फुटबॉल खेळतो. गुडघा दुखावलाय."

"त्याचं काय करशील?"

"शुक्रवारी ढकलते." बोट टॅब्लेटकडे गेलंसुद्धा.

"ढकलतेस म्हणजे? त्याला न विचारता?" मावशींचा आवाज पहिल्यांदा चढला. "आधी फोन कर त्याला. इथे, माझ्यासमोर. तो हो म्हणाला तर गुरुवारी ये. नाही म्हणाला तर दुसरी वेळ शोधू, पण त्याला असं टांगून ठेवायचं नाही."

बाईंनी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मावशी मान तिरकी करून ऐकत होत्या.

"उचलत नाहीये," बाई म्हणाल्या.

"परत लाव."