अंबुबाईचं गाणगापूर

खटकचिंचोळीत अंबुबाईची कडक भाकरी एकदा खाल्ली की माणूस दुसऱ्या कुणाच्याही भाकरीला नावं ठेवायला मोकळा. तिचा नवरा मल्लेश पुण्याला बांधकामावर गेला, एचआयव्ही घेऊन आला, बायकोला देऊन मरून गेला. मागं उरलं ते भाकरी विकून पोट भरणं. आजार गावाला कळला तर आपल्या हातचं पाणीसुद्धा कुणी पिणार नाही, मग भाकरी कोण घेणार, ही तिची धास्ती.

म्हणून दर महिन्याला गोळ्या आणायला ती गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात जायची आणि गावात सांगायची, "गाणगापूरला जायलेय, दत्ताला." वाट तीच, संशयाला जागा नाही. पण आमचं गाव तेवढ्यावर सोडतंय होय! बायका नारळ देऊ लागल्या, वर तिथल्या डोंगराचं भस्म मागू लागल्या. नारळ ती गुलबर्ग्यातल्याच देवळात फोडायची. आणि भस्म? घरच्या चुलीतली राख चाळून पुड्या बांधायची. लोक भक्तिभावानं कपाळाला लावत आणि गुण आला म्हणत. मला तर दत्ताचंच कौतुक वाटतं, सगळं सांभाळून घेतलं त्यानं.

एका खेपेला शेजारची चंद्रभागाबाई एसटीत येऊन बसली. सोबत हैदराबादहून परतलेला लेक हरिओम, भर उन्हात शाल पांघरलेला. "आम्ही बी येतो गं गाणगापूरला." अंबुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी एकच गोळी उरली होती.

गुलबर्गा आलं. समोर गाणगापूरची गाडी उभी. अंबुबाईचा पाय उचलेना.

"चल, दवाखान्यात," चंद्रभागाबाई म्हणाली.

"कोणत्या, अक्का?"

"तुझ्या. मागल्या भस्मात जळकी तुरीची शेंग निघाली. देवाच्या डोंगरावर तुरी पिकत्यात व्हय? मनात म्हटलं, ही गाणगापूरला जातच न्हाई, मग जाती कुठं? इचार केला. मल्लेशची शेवटची कळा मी बघितलेली, तीच आता ह्याला आली. रक्त तपासलं, तेच निघालं." तिनं लेकाची शाल सारखी केली. "तू ठणठणीत हायस, अंबू. माझं लेकरू वाळायलंय. तुला ज्यानं जगवलं, त्याच्यापाशी ने ह्याला."

अंबुबाईला रडू कोसळलं. किती वर्षांचं साचलेलं! मग डोळे पुसून तिनं हरिओमचा हात धरला आणि ओळखीच्या सिस्टरांपुढं त्याला नेऊन बसवलं. दुपारी दवाखान्याच्या आवारात तिनं फडकं सोडलं, पण भाकरी पुढं करायला हात धजेना. चंद्रभागाबाईनंच ओढून घेतली, मोडली, अर्धी लेकाला दिली आणि चटणी कुठाय म्हणून विचारलं.

संध्याकाळी गावात उतरताच बायकांचा गराडा पडला. "भस्म आणलंस का, अंबुबाई?" त्या गडबडीत पुड्या बांधायच्याच राहिल्या होत्या. ती चाचरली.

तेवढ्यात चंद्रभागाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि बायकांच्या हातावर पुड्या ठेवत सुटली. शेवटची ठेवून झाल्यावर ती अंबुबाईच्या कानाशी वाकली.

"भिऊ नगंस. ह्या खेपेला माझ्या चुलीची हाय. चांगली चाळून घेतलीय."