करंट गेल्यावरचं गाणं

कुंभकोणमजवळ साक्कोट्टैच्या वाटेवर आमच्या ड्रमवाल्याच्या मामांची भाताची गिरणी होती. गिरणी चालू असली की तिथं शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागे, म्हणूनच आमच्या बँडला मागची शेड मिळाली. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आम्ही चौघं कॉलेजातले, केस मानेपर्यंत वाढवलेले, मद्रासहून आणलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी, आणि आमचं संगीत ऐकायला कुंभकोणममध्ये कुत्रंही तयार नाही. त्या धडधडीत मला मात्र सगळं लख्ख ऐकू यायचं. बाकीचे कानाशी हात नेऊन "काय? काय?" करत आणि मी त्यांना हसत असे.

घरी उलटं होतं. दुपारी सगळं सामसूम असताना आई स्वयंपाकघरातून हाक मारी, ती मला ऐकू येईनाशी झाली होती. वडील म्हणत, त्या राक्षसी वाद्यांनी याचे कान बसले. मीही तसंच म्हणून वेळ मारून न्यायचो. पण मनातून मी धास्तावलो होतो, कारण आमच्या घरात बहिरं माणूस होतं आणि त्याचं काय होतं ते मी रोज पाहत होतो.

ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. विशीतच तिला ऐकू येईनासं झालं आणि ठरत आलेलं लग्न फिसकटलं. तेव्हापासून ती आमच्याकडे होती. पाहुणे तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलत, जणू ती कपाट आहे. आम्ही मुलंही तिला जेवायला बोलवायचं तर हातवारे करायचो, बोलायची तसदी घ्यायचो नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी, त्यामुळे एकादशीला घरी विठ्ठलाचं भजन होई. तेव्हा तिला भिंतीपाशी बसवून तिच्या हातात तंबोरा देत. आमच्यात ज्याला गाता येत नाही त्याच्याकडे तंबोरा जातो. वडील तारा जुळवून देत आणि सर्वांसमोर म्हणत, नुसतं छेडायचं तर आहे, त्याला कान कशाला लागतात? ती दांडीला गाल लावून डोळे मिटून बसे. झोपली असेल, असं मला वाटे.

मग ती कॅसेट आली. ज्या इंग्रजी बँडची नक्कल करून आम्ही घसे फोडत होतो, त्यांचीच. आमच्या गायकाच्या चुलतभावानं मद्रासहून भरून आणली होती. लावली तर आत ना ड्रमचा दणका, ना किंचाळी. साध्या लाकडी गिटारी, मेंडोलिन, शेतावरच्या माणसांसारखं सावकाश गाणं. दुकानदारानं भलतीच कॅसेट भरली असणार म्हणून ड्रमवाला भांडायला निघाला होता. गायक मात्र ऐकत राहिला. मी कॅसेट प्लेअरला हनुवटी टेकवून ऐकलं. तसं केल्याशिवाय मला ती पुरती ऐकू येत नव्हती.

त्याच आठवड्यात सराव चालू असताना करंट गेला. गिरणी थांबली, अँप्लिफायर मेले. गायक म्हणाला, छान झालं, आता त्यांच्यासारखं वाजवून बघू. त्यानं कोपऱ्यातली साधी गिटार माझ्या हातात दिली आणि तो गाऊ लागला. त्याचे ओठ हलत होते. माझ्या तारांचा आवाज छातीशी कळत होता, पण त्याचा आवाज कुठंतरी भिंतीपलीकडे राहिल्यासारखा. मी अंदाजानं सुरुवात केली. तो थांबला, मी थांबलो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. बँड गेला तर गेला, पण यांना कळलं तर घरी कळणार, आणि घरी कळलं की माझेही हातवारे सुरू होणार, या विचारानं मी अर्धमेला झालो. उकाडा फार आहे, असं सांगून मी सायकल काढली.

गायकाला लोकसंगीताचं वेड लागलं ते लागलंच. तो तमिळ घरातला. आमच्या एकादशीला एकदा प्रसादाला आला होता, ते त्याला आठवलं. आपलं लोकसंगीत शोधायला लांब कशाला जायचं, ते तर याच्या घरात आहे, असं त्यानं जाहीर केलं आणि मला न विचारता वडिलांना जाऊन भेटला. पोरं सुधारली म्हणून वडील इतके खूश झाले की त्यांनी पापनाशम्‌ला राहणाऱ्या, भजनातल्या जाणत्या काकांनाही बोलावणं धाडलं. मला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. तेवढे दिवस मी जेवणावर बसायचो आणि घास फिरवत राहायचो. सरावाला सर्दी, ताप, परीक्षा, सगळी कारणं सांगून झाली.

एकादशीच्या संध्याकाळी बैठक भरली. मला जागा मिळाली ती आत्याशेजारी. वडिलांनी चिपळ्या धरल्या. गायकानं अभंगाला सुरुवात केली, त्याच्या तमिळ उच्चारांवर बायका कौतुकानं हसल्या, हे मी पाहिलं. ऐकलं काहीच नाही. चिपळ्यांकडे बघून मी गिटारीवर हात टाकला आणि पुढच्या क्षणी वडिलांची मान माझ्याकडे वळली. श्रुती सुटली होती. काकांच्याही कपाळाला आठी पडली. मी वाकून गिटारीच्या कडेला हनुवटी टेकली. माझ्या तारा मला ऐकू आल्या, पण कशाशी जुळवायच्या ते कळेना. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात कानशिलाला काहीतरी गार लागलं. आत्यानं तंबोरा माझ्याकडे कलवून त्याची दांडी माझ्या डोक्याला टेकवली होती. हाडातून षड्ज आत आला, इतका भरून की माझे डोळे पाणावले. इतकी वर्षं ती झोपत नव्हती. ती ऐकत होती. मी खुंट्या पिळल्या, सूर जुळला, वडिलांची मान परत वळली. शेवटच्या आरतीपर्यंत तिनं दांडी हलवली नाही आणि आम्ही दोघं एकाच लाकडाला टेकून बसलो. काका म्हणाले, पोरगा तल्लीन झाला बघा.

माणसं प्रसादाला उठली तेव्हा ती माझ्याकडे वळली. बऱ्याच वर्षांत ती आपणहून बोलली नव्हती. आवाज फार मोठा निघेल म्हणून तिनं तोंडावर पदर धरला.

"तुजहि झालं की रे?"

मी मान हलवली. तोवर मी हे स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

"मज गिरणीत न्यायचे आधी," ती म्हणाली. "तेथें सगळं ऐकु यायचं."

माझ्या अंगावर काटा आला. गिरणीत मला सगळं ऐकू येतं, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. वडील हातानंच मला पान वाढायला बोलवत होते, नेहमीसारखे, गर्दीत ओरडायचा कंटाळा म्हणून. तो हात पाहून माझी जी घाबरगुंडी उडाली ती अजून आठवते.

आत्यानं तंबोरा मांडीवर घेतला, जराशी सरकली आणि भिंतीपाशी मला जागा करून दिली.