ताथवड्यात गिऱ्हाईक बसलं होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. असो.

माझी सगळी नोकरी पिंपरीतल्या एका गाड्यांच्या कारखान्यात गेली. काम एकच — आम्हाला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या तपासायच्या. भोसरी, तळवडे, चाकण, कुठलीही शेड सांगा. मी आत शिरलो की मालक खुर्चीतून उठायचा. गेटवर माल भरलेला टेम्पो आहे का, मशीन स्वतःचं की भाड्याचं, एवढं बघून कंपनी तरेल की बुडेल ते मी चहा यायच्या आत सांगायचो. बहुतेक वेळा खरं व्हायचं. तिथंच माझं डोकं फिरलं.

आता राहतो निगडीला, पण गाव चाकणच्या पलीकडं. गावच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, हातात पैसा आला, आणि तो कुठं घालायचा हे सगळे मला विचारू लागले. का, तर अण्णा कंपनीत होते! अहो, नटबोल्ट तपासणाऱ्याला जगातलं सगळं कळतं काय? चीड येते मला या सवयीची. पण खरं सांगू — त्यांनी विचारलं, यात त्यांचं काय चुकलं? 'मला यातलं कळत नाही' एवढं म्हणायला माझी जीभ झडणार होती काय?

दत्तू माझा बालमित्र. त्याची पोरगी शुभांगी, शिकून डॉक्टरेट मिळवलेली. तिनं ताथवड्यात भाड्याच्या जागेत एक छोटी कंपनी काढली, जनुकं वाचणारी. म्हणजे कांद्याच्या बियाण्याचा डीएनए तपासायचा आणि पेरायच्या आधीच सांगायचं, की पिशवीवर छापलंय तेच वाण आत आहे की भेसळ. आमच्या कांद्याच्या मुलखात याचं मोल कुणाला सांगायला हवं? तिला कंपनी वाढवायची होती, भांडवल हवं होतं. गावातली चार-पाच घरं तयारही झाली. फक्त एक ठरलं — आधी अण्णांनी बघून यायचं.

गेलो. गेटवर टेम्पो नाही. मशीन भाड्याचं. आत दोन फ्रीज, काचेच्या नळ्या, तीन पोरं संगणकापुढं. मी माझ्या जुन्या रुबाबात विचारलं, "माल कुठंय?" ती हसली. "काका, रिपोर्ट हाच माल." मग तिनं समजावलं. परत समजावलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. मी मान हलवत होतो, आणि तिला कळलं की मला कळत नाहीये. तेव्हा त्या पोरांसमोर ती अगदी मायेनं म्हणाली, "असू द्या काका, नाही कळलं तरी चालतंय."

चालतंय? मला? ज्याच्यापुढं भलेभले मालक घाम पुसत उभे राहिले त्याला? — हा असला फडतूस मान! आज सांगतानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि तिथं एक गिऱ्हाईक बसलं होतं. राजगुरुनगरकडचा रोपवाटिकावाला, रिपोर्ट न्यायला आलेला. मी न विचारता तोच म्हणाला, "सायब, मागल्या साली हिनं बी तपासलं म्हणून वाचलो, न्हाईतर शेतकऱ्यांनी माझी कातडी सोलली असती. यंदा समदं बी हितंच आणलंय." परत आलेलं गिऱ्हाईक! उभ्या नोकरीत चांगल्या कंपनीची याहून मोठी खूण मी मानली नव्हती. ते मला कळलं. जनुकं नाही कळली, पण ते पक्कं कळलं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात सगळे जमले. दत्तूही होता, कोपऱ्यात. मी म्हणालो, "नुसता फ्रीज आणि काचा. एक गिऱ्हाईक न्हाई तिथं."

संपलं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. अण्णा बोलले ना! वर्षाच्या आत कंपनी बंद पडली. शुभांगी हैदराबादला कुणाच्या तरी मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली.

ती कंपनी तशीही बुडाली असती का? असेल. मशीनचं भाडं चढं, मोठ्यांनी दर पाडले तर छोट्याचा टिकाव कठीण. पैसा किती दिवस पुरेल, किती गिऱ्हाइकं परत येतात — हे प्रश्न मला पाठ होते, शेडमध्ये रोज विचारायचो. तिला एकही विचारला नाही. तेव्हा माझा अंदाज चुकला असं कुणी म्हणू नका. अंदाज मी केलाच नाही. मी खोटं बोललो.

पुढं शेजारच्या गावचे लोक कुठल्याशा योजनेत पैसे घालवून बसले, आणि आमच्या गावाला माझा पुळका आला. 'अण्णांनी गाव वाचवलं.' सप्ताहाच्या काल्याला सत्कार ठरला, शाल-श्रीफळ. आणि शाल घालायला उठला कोण? दत्तू.

त्यानं शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि कानाशी वाकून म्हणाला, "वसंता, पोरगी म्हणत व्हती, काकांच्या म्होरं गिऱ्हाईक बसलं व्हतं. म्या सुनावलं तिला — वसंता खोटं न्हाई बोलायचा, तूच बोलतीस. तवापासनं फोन करत न्हाई मला. न्हाई तर न्हाई."

पुढं फोटोवाला उभा होता. मी शाल सारखी केली आणि हात जोडले.